माहेरखडपेचा तह आणि सातवा शिक्का

श्री दर्या साक्ष. ज्याच्या पोटी अनंत जीव नांदतात आणि ज्याचे मीठ सातही दरबारांच्या अन्नात आहे, त्यास आधी दंडवत, मग धन्यास, मग वाचणारास. शके सोळाशे अठ्ठ्याऐंशी, व्ययनाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, ते दिवशी आमचे राज्यात सात दरबारांचा दर्यातह ठरला. तो कैसा ठरला, ठरून कैसा अडला, आणि अडला त्या मुदतीत काय गेले, याची हकीकत लिहावी ऐसी महाराजांची आज्ञा जाहली, म्हणोन लिहितो. लिहिणार हुजूरदफ्तरातील एक जुना कारकून. नाव सांगण्याजोगे नाही. तहाची शुद्ध प्रत याच हाताने लिहिली आणि पुढे जी चूक जाहली तीतही हा हात होता. सबब ऐकीव काही घालीत नाही, पाहिले तेच लिहितो.

आमचे किनाऱ्यापासून दोन दिवसांच्या वाऱ्यावर, जेथे कोणाही राजाचा अंमल चालत नाही ऐशा भर दर्यात, पाण्याखाली पोवळ्यांचा एक थोर खडकाळ उंचवटा आहे. त्यास आमचे कोळी माहेरखडप म्हणत, कारण की आश्विन मासी घोळ, रावस, शेवंड, कासवे ऐसे नाना जीव दूरदूरच्या पाण्यांतून तेथे येत आणि पिले घालून परत जात, जैशी लेक बाळंतपणास माहेरी येते. तेथे जाळे टाकू नये हा कोळ्यांचा पिढ्यांचा नेम. आणि त्यांचा दुसरा नेम ऐसा की, आश्विन लागला म्हणजे एक होडी तेथे न्यावी, वल्हे पाण्यात उभे धरावे आणि त्याच्या दांड्यास कान लावून बसावे. घोळ मासा विणीच्या दिवसांत पोटातून ठोके देतो, आणि हजारो एकत्र जमले म्हणजे तो नाद लाकडातून चढून कानी येतो. पहिला ठोका ऐकिला म्हणजे होडी परत यावी, आणि मग कोळवाड्यात घरोघर गोड करावे, की लेकी पोहोचल्या. हे ऐकण्यात चांगुणा नाखवीण हिची बरोबरी कोणी करीत नसे. नवरा वादळात गेला त्यावर कोळवाड्याच्या होड्यांची नाखवकी तिणेच चालविली, आणि पुरुषांनी मुकाट्याने चालवू दिली, कारण की तिच्याशी वाद घालून कोणी जिंकल्याचे आमचे ऐकण्यात नाही.

मग ऐसे जाहले की पलीकडे मोठ्या गलबतांचा एक दरबार आहे, त्यांनी लोखंडी फणीचे जाळे काढिले. ही फणी तळापर्यंत सोडावी आणि गलबताने ओढीत न्यावी, म्हणजे मासा तो येतोच, परंतु पोवळे, शेवाळ, अंडी, पिले, जे वाटेत येईल तेही खरवडून येते, आणि त्यातील निम्मे मेलेले परत दर्यात टाकावे लागते. दोन वर्षांत त्यांनी खडपेची उत्तरबाजू साफ केली. चांगुणा वल्हे लावून आली ती थेट हुजूर आली आणि म्हणाली, ‘सरकार, औंदा आवाज अर्धाच हाय. उरलेला अर्धा कोनी नेला त्ये तुमी इचारा, आमचं त्ये ऐकनार नाय.’ महाराज थोर मनाचे. त्यांनी त्याच आठवड्यात सहा दरबारांस खलिते धाडिले की, ज्या दर्यावर कोणाचा अंमल नाही तो कोणी राखावा याची मसलत करणे आहे, अगत्य यावे.

तेव्हा सहा दरबारांचे वकील आले, आणि आमचे सचिव यादोपंत यजमान जाहले. यादोपंत म्हणजे वृद्ध, निःस्पृह, आणि रीतिभातीत केसभर इकडेतिकडे न होऊ देणारे. चाळीस दिवस मसलत चालली. पहिले आठ दिवस दर्या कोणाचा यावरच गेले. मोठ्या गलबतांचा वकील म्हणे, ‘जो कोणाचा नाही तो पोहोचेल त्याचा.’ नारळबेटांचा वकील म्हणे, ‘जो कोणाचा नाही तो सर्वांचा, आणि जे अद्याप जन्मले नाहीत त्यांचाही.’ मग कोणी पुसिले की पोवळ्यांत आणि शेवाळांत औषधी गुण निघाले तर ते जहाजवाल्यांचेच, की ज्यांस जहाज नाही त्यांचाही वाटा. त्यात आणखी बारा दिवस गेले. ज्या शब्दावर एकमत न होई त्यास मसुद्यात तांबड्या शाईचे कुंपण घालावे ऐसा ठराव होता, आणि विसाव्या दिवशी मसुद्यात कुंपणे फार आणि मोकळे शब्द थोडे ऐसी अवस्था आली. तांबडी शाई तीन वेळा खलावी लागली. आम्हास त्या वेळी त्याचे हसू येई. आता येत नाही.

अडतिसाव्या दिवशी महाराजांनी चांगुणेस मसलतीत आणविले. ती वल्हे घेऊनच आली आणि ते सभामंडपाच्या खांबास टेकवून उभी राहिली. आणि सर्व वकिलांकडे पाहून म्हणाली, ‘मी कोलीन, मना तुमचं कागदाचं कलत नाय. पन लेक माहेराला आलीय, तिचे दिवस भरलेत, आनि तुमी दारात उभं र्‍हावून घर कोनाच्या नावावर म्हनून भांडताव. तिला आदी मोकली होऊ द्या. मग भांडा, मी बी येतंय भांडायला.’ यावर मोठ्या गलबतांचा वकीलही खाली पाहू लागला, कारण त्याची लेक त्या दिवसांत माहेरी होती, हे मागाहून कळले. दोन दिवसांत सारी कुंपणे निघाली आणि तह ठरला. माहेरखडपेच्या चहूकडे बारा कोस कोणी जाळे, फणी, नांगर टाकू नये. औषधी गुण निघाल्यास सातांनी वाटून घ्यावे. सातांनी पाळीपाळीने गस्त घालावी. आणि शेवटले कलम ऐसे की, सातही राजांचे शिक्के एकाच अस्सल कागदावर पडतील त्या दिवसापासून तह अमलात यावा, एकही उणा असेल तोवर येऊ नये. वकिलांनी आपापल्या सह्या केल्या. शिक्के ज्याच्या त्याच्या राजापाशी, म्हणोन अस्सल कागद चंदनी पेटीत घालून दरबारोदरबारी फिरवावा ऐसे ठरले. मग नौबत वाजली, साखर वाटली, आणि गावोगावी दवंडी फिरली की तह जाहला, माहेर राखले, कोळ्यांनी बारा कोसांत जाऊ नये. दवंडीत शेवटले कलम सांगावयाचे राहिले.

कोळ्यांस बारा कोस सोडणे म्हणजे हात तोडून देण्यासारखे होते. खडपेवर ते जातच नसत, परंतु तिच्या भोवतालचे पाणी म्हणजे त्यांचे पोट. तथापि चांगुणेने वाडा जमविला आणि दर्याचे पाणी ओंजळीत घेऊन सर्वांकडून शपथ वाहविली की, राजाने शब्द दिला, आपण पाळायचा. आणि त्यांनी पाळिला. जवळच्या उथळ पाण्यात बोंबील, कोळंबी, जे मिळेल त्यावर दिवस काढू लागले. कित्येक घरची मोठी जाळी आढ्यास टांगली ती टांगलीच राहिली. चांगुणेचा थोरला लेक हरबा उत्तम तांडेल, जहाज चालविण्यात वाकबगार. तो म्हणाला, ‘आये, अशानं पोट भरनार नाय,’ आणि परमुलखी कोणाच्या गलबतावर चाकरीस गेला. ती त्यास पोहोचवावयास धक्क्यावर गेली नाही.

आता चूक जाहली ती सांगतो. आमचे राज्यात रीत ऐसी की, पंगतीत यजमानाने शेवटी बसावे. शेवटल्या पाहुण्याने हात धुतल्याखेरीज यजमानाने घास उचलू नये, आणि पाहुण्यास ‘आटपा’ म्हणणे तर अन्नात माती घालण्यासारखे. यादोपंतांनी हीच रीत तहास लाविली. ते म्हणाले, ‘आम्ही बोलाविले, सबब आमचा शिक्का शेवटचा. सहा पाहुण्यांचे होऊ द्यावे.’ महाराजांसही ते शोभेसे वाटले. पेटी निघाली. मोठ्या गलबतांच्या दरबाराने पहिला शिक्का केला, तोफा वाजवून केला. मग एकामागून एक चौघांनी केले. दीड वर्षाने पेटी नारळबेटांच्या राणीकडे पोहोचली, आणि तेथे राहिली. मग राणीचे पत्र आले की, ‘तहाचा कागद पावला. आम्ही पानावर बसलो आहो. यजमानांचे कुशल कळवीत असावे.’ यादोपंत पत्र वाचून संतोष पावले आणि उत्तर लिहावयास सांगितले की, ‘आपण बसला, आम्हास आनंद. सावकाश होऊ द्यावे.’ ते उत्तर आम्ही लिहिले. पुढल्या वर्षी राणीचे तैसेच पत्र आले, ‘आम्ही अजून पानावर आहो.’ आणि तैसेच उत्तर गेले, ‘सावकाश होऊ द्यावे.’ आम्हास शंका आली की, इतके दिवस कोणी पानावर का बसेल. आम्ही यादोपंतांपाशी बोलावयास तोंड उघडिले, तो ते म्हणाले, ‘पाहुण्याच्या ताटाकडे पाहू नये हे तुम्हास घरी शिकविले नाही काय?’ मग आम्ही गप्प जाहलो. येथे ‘आम्ही’ म्हणणे लबाडी होईल. मी गप्प राहिलो. दफ्तरात दुसऱ्या कोणास सात शिक्क्यांचे ते शेवटले कलम पाठ नव्हते, मला होते. मी लिहिले होते.

शके सोळाशे एक्क्याण्णव, विरोधिनाम संवत्सरे, आश्विन मासी चांगुणा नेमाप्रमाणे वल्हे लावावयास गेली. बारा कोसांची हद्द ओलांडली तो समोर मोठ्या गलबतांच्या दरबाराची पाच गलबते फणी ओढीत होती. तिने होडी आडवी घातली आणि ओरडून म्हणाली की हे राखलेले पाणी आहे, सात राजांचा तह आहे. गलबताच्या कठड्याशी तांडेल आला. तो हरबा होता. मग तो म्हणाला, ‘आये, तह नाय. आमच्या मालकाकं कागदाची नक्कल हाय. सात शिक्क्यांबिगर तह नाय, आनि पाचच पडलेत. बेटांचा नाय, आनि आपल्या राजाचा बी नाय.’ ती म्हणाली, ‘खोटं बोलतोस.’ तो म्हणाला, ‘तुझी आन.’ मग तिने वल्हे पाण्यात धरिले आणि कान लाविला. बराच वेळ लाविला. कान काढिला आणि होडी वळविली. लेकाने हाक मारिली, तिने मागे पाहिले नाही.

तिसऱ्या दिवशी ती दरबारात उभी राहिली. होडीवरचेच लुगडे, अंगावर मीठ वाळलेले. महाराज सिंहासनावर, यादोपंत बाजूस, आणि आम्ही लेखणी घेऊन खाली. ती म्हणाली, ‘सरकार, एकच इचारते. तुमचा शिक्का पडलाय का नाय?’ महाराजांनी यादोपंतांकडे पाहिले. यादोपंत शांतपणे म्हणाले, ‘बाई, आम्ही यजमान. एक पाहुणा अद्याप व्हावयाचा आहे. त्याआधी आमचा शिक्का म्हणजे पाहुण्याआधी जेवून उठणे होय.’ ती म्हणाली, ‘आनि घरची मानसं? तीन वर्सं आमी मोठं जालं लावलं नाय. माजा लेक परक्याच्या गलबतावर गेला, आनि त्योच आज माहेरावर फनी ओढतोय. तुमी तह केला त्यो आमी एकट्यांनीच पालला, पंत. ज्यांचा शिक्का पडला त्यांनी बी नाय पालला, आनि आमच्या तर राजाचाच नाय.’ मग म्हणाली, ‘वल्ह्याला कान लावला. काय बी नाय. लाकूडच वाजतंय.’

महाराज सिंहासनावरून उतरले आणि म्हणाले, ‘पंत, पाहुणा का जेवत नाही हे कोणी पुसिले?’ यादोपंत म्हणाले, ‘पुसणे रीतीस धरून नाही.’ महाराज म्हणाले, ‘आता पुसा. शिक्का घेऊन जा. राणीचा पडला की तेथेच आमचा करा, कागद परत येण्याची वाट पाहू नका.’ यावर यादोपंत हात जोडून म्हणाले की, शिक्का राजवाड्याबाहेर गेला ऐसे आजवर जाहले नाही, शिक्का गेला म्हणजे गादी रिकामी ऐसे रयत समजेल. तेव्हा महाराज म्हणाले, ‘समजू दे. गादी तीन वर्षे रिकामीच होती.’ सरकारी जहाज सजावयास एक महिना लागता. चांगुणा म्हणाली की तिची होडी आजच निघते. मग राज्याचा शिक्का रेशमी रुमालात गुंडाळोन चांगुणेच्या माशाच्या पाटीत ठेविला, कारण होडीत कोरडी जागा तेवढीच, आणि त्या पाटीत तीन वर्षे मोठा मासा पडलाच नव्हता. यादोपंत पाटीशेजारी बसले. वय सत्तर, दर्यावर कधी गेले नव्हते. लिहिण्यास आम्ही.

पहिले दोन दिवस यादोपंतांनी पोटात पाणीदेखील ठेविले नाही, सर्व दर्यास परत केले, आणि चांगुणेने त्यांचे डोके धरिले. ते ओशाळून म्हणाले, ‘बाई, विटाळ होईल.’ ती म्हणाली, ‘हितं समदं दर्याचंच हाय, पंत. ओका.’ तिसऱ्या सकाळी माहेरखडप आली. गलबते दूर क्षितिजाशी फणी ओढीत होती. पाण्यावर मेलेली पिले पसरली होती, बोटाएवढी, पांढरी, जिकडे पाहावे तिकडे, आणि मध्ये पोवळ्यांचे तुकडे शेवाळास अडकून तरंगत होते. चांगुणेने वल्हे उभे धरिले आणि यादोपंतांस म्हणाली, ‘कान लावा.’ त्यांनी पागोटे सावरून कान लाविला. क्षणभराने त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी आम्हास खूण केली, मग आम्हीही लाविला. ठोका नव्हता. लांबून, तळातून, लोखंड खडकावर घासल्याची खरखर येत होती, थांबे आणि पुन्हा येई. यादोपंतांनी कान काढिला आणि पाटीतील शिक्का रुमालात आणखी एकदा घट्ट गुंडाळिला.

पुढे अकरा दिवसांनी नारळबेटे लागली. राणी वृद्ध, आमच्या महाराजांहून वडील, आणि तिचे डोळे फार प्रेमळ. तिने आमचा बहुत सत्कार केला आणि लागलीच पाने मांडविली. भात, नारळाचे कालवण, भाजलेले कंद. आम्ही बसलो, आणि राणी आम्हासमोर बसली, आणि सर्वांच्या देखत पहिला घास आपल्या तोंडात घातला. यादोपंतांस मनात हे विपरीत वाटले, पाहुणे बसले असता यजमानाने आधी जेवावे. राणीने ते ओळखिले. ती दुभाष्यामार्फत म्हणाली, ‘आमच्या बेटांवर पाहुणा आधी घास घेत नाही. यजमानाने आधी चाखावे, अन्न निर्मळ आहे याची हमी द्यावी, मग पाहुण्याने हात घालावा. तुमच्याकडे तैसे नाही काय?’ यादोपंतांचा हात पानावर होता तो तेथेच राहिला. मग त्यांनी हळू पुसिले, ‘आणि तहाचा कागद?’ राणी म्हणाली, ‘तो पेटीत आहे. तुमच्या शिक्क्याची जागा कोरी होती. आम्हास वाटले यजमानांची काही अडचण असेल. पुसणे बरे नव्हे. आम्ही दरवर्षी लिहीत होतो की आम्ही पानावर बसलो आहो. तुम्ही लिहीत होता, सावकाश होऊ द्यावे.’

यादोपंत पानावरून उठले. आमचे राज्यात भरल्या पानावरून उठणे हा मोठा अपराध, आणि तो अपराध त्यांच्या हातून त्यांच्या आयुष्यात एवढाच जाहला. त्यांनी पाटीतून शिक्का काढिला. चांगुणेने त्यांचे मनगट धरिले, आणि राणीच्या रीतीप्रमाणे पाहुण्याआधी यजमानाचा शिक्का कोऱ्या जागी बसला. लागलीच राणीने आपला केला. सात जाहले. राणीच्या माणसांनी शंख वाजविले. चांगुणा शंखाकडे पाहात नव्हती. ती शिक्क्याची ओली शाई पाहात होती, आणि म्हणाली, ‘येवढंच होतं?’ राणीस दुभाष्याने ते सांगितले नाही. यादोपंत मटकन खाली बसले आणि म्हाताऱ्या माणसाने रडू नये तैसे रडले. म्हणाले, ‘बाई, मी रीत राखिली आणि माहेर घालविले.’ तिने त्यांस ना बरे म्हटले ना वाईट म्हटले. आपल्या पदराने त्यांचे पागोटे पुसले, त्यावर मीठ बसले होते.

मग तह अमलात आला. ऐसे लिहितो, कारण खरेच आला. नकला सातही दरबारी गेल्या, आणि मोठ्या गलबतांच्या दरबारासही आपल्याच शिक्क्यास मान देणे प्राप्त जाहले. फाल्गुनात त्यांची गलबते माघारी गेली. कोणी म्हणे तहास भिऊन गेली, कोणी म्हणे आता तेथे ओढण्याजोगे काही उरले नव्हते. दोन्ही खरे असावे. सातांनी पाळीपाळीने गस्त घातली. आजवर त्या बारा कोसांत कोणी फणी घातली नाही, हे दफ्तरातून पाहून लिहितो. हरबा चाकरी सोडून परत आला. चांगुणा त्याच्याशी वर्षभर बोलली नाही, जेवू मात्र घाली. यादोपंतांनी कामकाज सोडिले आणि महाराजांपाशी एकच मागितले की, दर आश्विनात दफ्तराचा एक कारकून माहेरखडपेवर जावा, वल्ह्यास कान लावावा, आणि जे ऐकू येईल ते खरे लिहावे. महाराजांनी ते काम आम्हावर सोपविले. दुसऱ्याच वर्षी यादोपंत वारले. मरतेवेळी त्यांनी पुसिले, ‘वाजले?’ आम्ही जन्मभर त्यांच्यापुढे हो म्हणत आलो होतो. तरी त्या वेळी म्हणालो, ‘नाही.’ त्यांनी मान हालविली. आम्ही खरे बोललो यात त्यांस समाधान होते ऐसे वाटते, परंतु खात्रीने सांगवत नाही.

शके सोळाशे ब्याण्णवचे आश्विनात ऐकिले, काही नाही. त्र्याण्णवात काही नाही. चौऱ्याण्णव, पंच्याण्णव, शहाण्णव, काही नाही. दफ्तरात ओळीखाली ओळ तीच आहे, अक्षर मात्र म्हातारे होत गेले. दर वेळी होडी हरबा चालवी आणि चांगुणा संगे असे. अलीकडे तिला कानांनी ऐकू येईनासे जाहले, कोळवाड्यात मोठ्याने ओरडून बोलावे लागे. तरी ती येई, वल्हे स्वतः धरी, आणि आम्ही कान लाविला की आमच्या तोंडाकडे पाही. आम्ही मान हालविली की म्हणे, ‘बरं. फुडल्या वर्सी.’ आम्ही तिला एकदा म्हटले की, तह तर आता पुरा आहे, मग का येत नाहीत. ती म्हणाली, ‘येकदा माहेरात जालं लागलं ना, बाबा, मंग लेकीला इश्वास बसायला येल लागतो.’

शके सोळाशे सत्त्याण्णव, मन्मथनाम संवत्सरे, आश्विन वद्य द्वितीया, प्रातःकाळी होडी खडपेवर थांबली. वारा पडला होता. पाण्यातून खाली पाहिले तो खडकावर बोटभर उंचीची नवी पोवळी दिसली, फिकट जांभळी. आम्ही कान लाविला. काही नाही. नेमाप्रमाणे मान हालविणार, तो चांगुणेने आमच्या मनगटावर हात दाबून थांबविले. तिचा दुसरा तळहात वल्ह्याच्या दांड्यावर पालथा होता. ती डोळे मिटून होती. म्हणाली, ‘गप.’ आम्ही पुन्हा कान लाविला आणि श्वास रोखिला. मग फार खालून, फार लांबून, एक ठोका आला. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एक, मग तिसरा. हरबाने वल्हे सोडून आपलाही कान लाविला आणि तो लहान मुलासारखा हुंदका देऊन रडू लागला. हजारो लेकी नव्हत्या. एक होती. बहरलेल्या खडपेवर पूर्वी जो नाद उठे, त्यापुढे हे काहीच नव्हे. चांगुणा होडीच्या काठावरून ओणवी जाहली, तोंड पाण्यालगत नेले, आणि ज्या शब्दांनी आम्ही तीन वर्षांचा घात केला ते शब्द, तिला ठाऊक नसता, तिच्या तोंडून निघाले. ती पाण्यास म्हणाली, ‘आलीस, बाय? घाई नाय. सावकाश होऊ दे.’

येणेप्रमाणे सात दरबारांचा दर्यातह. तह चांगला होता. करणारे चांगले होते, यजमान आणि पाहुणे दोघेही एकमेकांचा मान राखणारे होते, आणि त्या मानापायी माहेर बुडाले. ज्या कोणा कारकुनाच्या हाती पुढे हे दफ्तर पडेल त्याने इतके करावे की, कागद कोठे अडला हे पुसण्यास लाजू नये, आणि जे आम्ही पत्रात लिहिले ते दर्याच्या कागदी कधी लिहू नये. ते शब्द लेकीस सांगावयाचे आहेत, ती सुखरूप पोहोचल्यावर. यंदाच्या आश्विनाची नोंद, अस्सल: ठोके तीन. लेखनसीमा.